अंगावर काढलेले दुखणे

‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार आम्ही वर्गात कित्येक वर्षे शिकवत आलो आहोत. उपचार न करता आजार सोसत राहणे, असा त्याचा अर्थ आम्ही फळ्यावर लिहितो आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. या शब्दांत निषेधापेक्षा कौतुकच अधिक आहे, हे मात्र आमच्या फार उशिरा ध्यानात आले. ‘तिने किती दुखणी अंगावर काढली, पण कधी कुणाला कळू दिले नाही,’ असे आपण गेलेल्या आईविषयी, आजीविषयी म्हणतो, ते अभिमानानेच. ज्या सोसण्याचा आपण गुण म्हणून गौरव करतो, तेच सोसणे न्यायालयात त्या बाईच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहू शकते. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात चुकून राहिलेली वस्तू पुढे छायाचित्रात ओळखायची कशी, आणि ओळखण्याची जबाबदारी कोणाची, हा त्याचा विषय.

आम्ही वैद्यकातले नव्हे, मराठी शिकवणारी माणसे. तरीही या विषयाकडे वळलो त्याला एक घरगुती कारण घडले. आमच्यापैकी एकीची मावशी दिवेआगरच्या अलीकडे एका वाडीत राहते. घरामागे सुपारीची बाग, समोर ओटी, ओटीवर दिवसभर काही ना काही निवडणे-टिपणे चाललेले. २०१३ साली तिचे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. आठव्या दिवशी टाके निघाले आणि ती घरी आली. पोटाच्या उजव्या बाजूला जे दुखू लागले ते मात्र थांबले नाही. ‘टाक्यांचे दुखणे असते, हळूहळू जाईल,’ असे तिला सांगण्यात आले. मग वाताची औषधे झाली, पित्ताची झाली, कुणी सांगितलेले काढे झाले. मधल्या काळात दोनदा सोनोग्राफीही झाली. पहिल्या खेपेस काही विशेष नाही असे निघाले. दुसऱ्या खेपेस ‘गाठ असावी, लक्ष ठेवा’ असे निघाले. मावशीने लक्ष ठेवले, म्हणजे दुखेल तेव्हा पोटाला फडके घट्ट बांधून ती कामाला लागली.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत किती बागा आडव्या झाल्या आणि किती घरांची छपरे उडाली, ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. मावशीच्या घराचे पत्रे उडाले, माळ्यावरची पत्र्याची पेटी भिजली आणि त्या पेटीतले शस्त्रक्रियेचे कागद लगदा होऊन गेले. पुढच्या वर्षी दुखणे असह्य झाले तेव्हा तिला मुंबईला नेले. तिथे सीटी स्कॅन झाल्यावर रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले आणि त्यांनी एकच विचारले, “मावशी, आधी पोटाचे ऑपरेशन झाले होते का? कधी? कागद आहेत?” मावशी म्हणाली, “झालं होतं. कागद वादळात गेले.” आठ वर्षांत हा प्रश्न तिला चित्र पाहणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच विचारला होता. पुढच्या आठवड्यात तिच्या पोटातून तळहाताएवढा, घट्ट गोळा झालेला कापडाचा तुकडा निघाला.

मावशीने कुठेही तक्रार केली नाही. ती पहिली शस्त्रक्रिया कुठे झाली, कोणी केली, हे सांगण्याचाही आमचा हेतू नाही. आम्हाला सतावत राहिला तो निराळाच प्रश्न. आठ वर्षांत दोन वेळा चित्र निघाले होते. मग ते दिसले का नाही?

शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी गॉजचे तुकडे वापरतात आणि पोट उघडलेले असेल तर ‘मॉप’ म्हणून ओळखली जाणारी मोठी घडी वापरतात. रक्तात भिजलेले कापड आतड्यांच्या वळणात दडले की ते शेजारच्या मांसासारखेच दिसू लागते. उघड्या डोळ्यांना, हाताच्या अंतरावरही. अशा आत राहिलेल्या कापडाभोवती जो गोळा तयार होतो त्याला वैद्यकात ‘गॉसिपिबोमा’ म्हणतात. कापसाचे लॅटिन नाव ‘गॉसिपियम’ आणि स्वाहिली भाषेतील ‘बोमा’, म्हणजे लपण्याची जागा, यांपासून तो शब्द झाला असे सांगतात. व्युत्पत्तीची खोड असलेल्या आमच्यासारख्यांना हा शब्द एरवी गमतीचा वाटला असता. कापूस लपला आहे, एवढेच तो सांगतो. कोणी लपवला, किंवा कोणाच्या हातून राहिला, याविषयी तो काही बोलत नाही.

शरीर या कापडाला दोन तऱ्हांनी उत्तर देते. कधी पू होतो, ताप येतो, जखम वाहू लागते; अशा वेळी उलगडा काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतो. कधी मात्र जंतुसंसर्ग होत नाही. मग शरीर त्या परक्या वस्तूभोवती हळूहळू एक आवरण विणते, आजूबाजूची आतडी तिला चिकटतात आणि ती वस्तू वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. रोग्याला कधी दुखते, कधी काहीच होत नाही. पहिला प्रकार भयंकर, पण लवकर उघडकीस येणारा. दुसरा सोसता येण्यासारखा, आणि आमच्या मते म्हणूनच अधिक फसवा.

आता चित्राकडे येऊ. २२ डिसेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रोंटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. ते बहुतेकांनी पाहिले असेल. त्यात हाडे दिसतात, बोटातली अंगठी सर्वांत ठळक दिसते आणि मांस मात्र जवळजवळ नाहीसे होते. क्ष-किरणांचा पक्षपात त्या पहिल्याच चित्रात स्पष्ट आहे. धातू त्यांना अडवतो, हाड अडवते. कापूस आणि मांस त्यांच्या लेखी सारखेच. त्यामुळे पोटात राहिलेला चिमटा साध्या एक्स-रेमध्ये लख्ख दिसतो, साधे कापड दिसत नाही. यावर तोड म्हणून शस्त्रक्रियेच्या गॉजमध्ये बेरियम सल्फेटयुक्त दोरा किंवा पट्टी घालण्याची पद्धत आली. एक्स-रेमध्ये तो दोरा पांढऱ्या, वळ्या पडलेल्या रेषेसारखा उमटतो. मात्र हे चिन्ह असलेले गॉज साध्या गॉजपेक्षा महाग पडते, आणि जिथे साधे गॉज कापून, घड्या घालून, निर्जंतुक करून वापरतात, तिथे तो दोरा नसतोच. दोरा असला तरी घड्यांत मुरडून गेल्यावर तो आधीच्या शस्त्रक्रियेतील टाके किंवा साठलेला चुना समजला जाण्याची शक्यता उरते.

सोनोग्राफीत आत राहिलेले कापड एका चकाकत्या, लाटेसारख्या रेषेने दिसते आणि तिच्यामागे गडद सावली पडते. पण आतड्यातील वायूही थोडाफार असाच दिसतो, पित्ताच्या खड्यामागेही सावली पडते. सीटी स्कॅन यांत अधिक बोलका. त्यात आवरणाने वेढलेला गोळा दिसतो, आणि कापडाच्या धाग्यांत अडकलेल्या हवेचे बुडबुडे स्पंजासारखी जाळी दाखवतात. जुन्या गोळ्याच्या कडेला कधी चुना साठून जाळीदार कवच झालेले असते. एमआरआयमध्ये कापडाच्या घड्यांचे भोवऱ्यासारखे पट्टे दिसू शकतात, पण बेरियमचा दोरा तिथे उपयोगी पडत नाही, कारण त्याला चुंबकीय गुण नाही. आत लोखंडी हत्यार असण्याचा संशय असेल तर एमआरआय करणेच धोक्याचे.

ही सगळी लक्षणे पुस्तकात नीट लिहिलेली आहेत. प्रत्यक्षात त्यांना जुळे भावंड असते. पू साठला तरी गोळा आणि बुडबुडे दिसतात. अंडाशयाची गाठ, जुने साकळलेले रक्त, आतड्याचा अर्बुद यांच्याशी गॉसिपिबोमाची गल्लत होते, आणि कर्करोगाच्या भीतीने मोठी शस्त्रक्रिया करायला जावे तर कापड निघते, अशी उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत पुष्कळ आहेत. आणखी एक घोटाळा होतो. रक्तस्राव थांबवण्यासाठी काही वेळा विरघळणारे कापडासारखे द्रव्य शस्त्रक्रियेत मुद्दाम आत ठेवतात. सीटी स्कॅनमध्ये तेही काही काळ बुडबुड्यांच्या गोळ्यासारखेच दिसते. ते मुद्दाम ठेवलेले की चुकून राहिलेले, हे चित्र सांगू शकत नाही. ते सांगू शकतो फक्त शस्त्रक्रियेचा कागद.

इथे आम्ही आमच्या मुद्द्यावर येतो. आत राहिलेली वस्तू ओळखणे हे यंत्राच्या सामर्थ्यापेक्षा संशयावर अवलंबून असते, आणि संशय येण्यासाठी पाहणाऱ्याला रोग्याची मागची गोष्ट ठाऊक असावी लागते. आधी शस्त्रक्रिया झाली होती हे कळले की गोळ्याकडे पाहण्याची नजर बदलते. आमच्या मावशीच्या दोन्ही सोनोग्राफींच्या चिठ्ठ्यांवर ‘पोटदुखी’ एवढेच लिहिलेले होते. कविता शिकवताना कवीचा काळ आणि त्याची परिस्थिती सांगितल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. आणि इथे एका बाईच्या पोटाचे वाचन एका शब्दाच्या संदर्भावर उरकले जात होते. दोष यंत्राचा नव्हता, आणि ते चित्र पाहणाऱ्या माणसाचाही एकट्याचा नव्हता.

कागद नसल्याची किंमत किती मोठी असते, हे समजण्यासाठी आपल्याच मातीतले दोन खटले पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिला औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. जुलै १९६३ मध्ये चंद्रिकाबाई नावाची एक स्त्री तिथल्या शासकीय रुग्णालयात बाळंत झाली. १३ जुलैला तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप चढला, पोट असह्य दुखू लागले. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत मॉप राहिल्याचे आढळले. २४ जुलै १९६३ रोजी ती मरण पावली. तिच्या पतीने दावा लावला. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने शासनाला त्या जबाबदारीतून सोडले, आणि अखेर फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात शासनाला पुन्हा जबाबदार धरले. पोटात मॉप राहिला या गोष्टीला निष्काळजीपणाचा आणखी पुरावा लागत नाही, वस्तुस्थिती स्वतःच बोलते, हे तत्त्व न्यायालयाने तिथे मानले. ज्या बाळाच्या जन्मासाठी ती रुग्णालयात गेली होती, ते बाळ निकालाच्या वेळी बत्तीस वर्षांचे असणार.

त्या प्रकरणात छायाचित्राची गरज पडली नाही, पुन्हा उघडलेल्या पोटानेच सत्य सांगितले. दुखण्याला आणि ते कळण्याला अवघे काही दिवस लागले. म्हणून, न्याय मिळायला तेहतीस वर्षे लागली तरी, ‘वस्तू बोलते’ असे म्हणता आले. पण वस्तू नऊ वर्षे बोललीच नाही तर?

दुसरा खटला नेमका तसा आहे. गोव्यातील एका परिचारिकेची १९९३ साली मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला पोटदुखी होत राहिली आणि वेदनाशामक गोळ्या घेत तिने नऊ वर्षे काढली. २००२ साली मुंबईतच दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि आत गॉज राहिले होते असे तिचे म्हणणे पडले. २००४ साली तिने ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार मुदतबाह्य ठरवली. चूक झाली की नाही, या प्रश्नाचा निर्णय त्यामुळे झालाच नाही, हे त्या शल्यविशारदांच्या बाबतीत न्यायाने नोंदवले पाहिजे.

या निकालातले तर्कशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. ग्राहक कायद्यात, १९८६च्या तसेच आता २०१९च्याही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. दोन वर्षे कधीपासून मोजायची? चुकीचा परिणाम उघड असेल तर चूक झाल्या दिवसापासून. परिणाम दडलेला असेल तर रोग्याला तो कळला त्या दिवसापासून, किंवा वाजवी तत्परता दाखवली असती तर जेव्हा कळू शकला असता त्या दिवसापासून. हे सूत्र न्यायालयाने मान्य केले. ते न्याय्यही आहे. पण पुढे न्यायालयाने असे पाहिले की ही बाई अनुभवी परिचारिका होती, शस्त्रक्रियेनंतर लगेच दुखू लागूनही ती इतकी वर्षे त्या शल्यविशारदांकडे परत गेली नाही. साधारण शहाणपणाच्या माणसाने चौकशी केली असती.

कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर याचा अर्थ एवढाच होतो की तिने दुखणे अंगावर काढले, हे तिच्या विरुद्ध गेले. आमच्या मनात न्यायालयाविषयी आदर आहे, आणि परिचारिकेला सामान्य बाईपेक्षा अधिक कळायला हवे होते, हे म्हणणे अगदीच निराधार नाही. तरीही प्रश्न उरतो. परिचारिकेविषयी असे म्हणता येत असेल, तर दिवेआगरच्या वाडीतल्या बाईने ‘वाजवी तत्परता’ दाखवायची म्हणजे काय करायचे? ती दोनदा सोनोग्राफीला गेली. तिला ‘गाठ’ सांगण्यात आली. सुपारी वाळत घालायची सोडून तिने आणखी कोणाला विचारायचे होते? पाहणाऱ्या जाणकारांना जे दिसले नाही ते तिने पोटावर हात ठेवून ओळखायचे होते काय?

आता कागदाची गोष्ट. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेचे २००२ सालचे नियम सांगतात की आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्यात, आणि रोग्याने मागितल्या तर बहात्तर तासांत द्याव्यात. नियम चांगलाच आहे. पण तीन वर्षे! त्या परिचारिकेचे दुखणे नऊ वर्षांचे होते, मावशीचे आठ. आत राहिलेले कापड कागदापेक्षा दीर्घायुषी ठरते, आणि ते सापडेपर्यंत शस्त्रक्रियेत काय घडले हे सांगणारी नोंद नियमानुसारच नाहीशी झालेली असू शकते. मावशीचे कागद वादळाने नेले म्हणून आम्ही हळहळत होतो. पण तिने २०२१ साली त्या रुग्णालयाकडे प्रत मागितली असती तरी ‘आता नोंद नाही’ हे उत्तर नियमाला धरूनच झाले असते.

मुळात कापड राहूच नये यासाठी मोजणी असते. पोट शिवण्यापूर्वी गॉज, सुया आणि हत्यारे मोजून आकडा जुळवायचा. पण मोजणीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. अतुल गावंडे हे नाव अनेक वाचकांना त्यांच्या पुस्तकांमुळे ठाऊक असेल. अमेरिकेत वाढलेल्या या शल्यविशारदाचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. २००३ साली गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चोपन्न रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सापडलेल्या वस्तूंपैकी दोन तृतीयांशांहून अधिक गॉज-स्पंज होते. तातडीची शस्त्रक्रिया असेल किंवा ऐन वेळी बेत बदलावा लागला असेल, तर धोका अनेक पटींनी वाढत होता. आणि सर्वांत बोलकी गोष्ट अशी की जिथे मोजणी झाली होती, तिथे सुमारे ८८ टक्के प्रकरणांत आकडा बरोबर जुळल्याची नोंद होती. पुढे गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची सुरक्षितता-सूची आणली. तीत रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी मोजणी मोठ्याने जाहीर करण्याची अट आहे.

या अभ्यासातून आम्हाला एक गोष्ट समजली. ही चूक बेफिकीर माणसाच्याच हातून होते असे नाही. रक्त थांबत नाही, रात्र झाली आहे, हाताखाली एकच परिचारिका आहे, अशा वेळी चांगल्या माणसाच्या हातूनही ती होते. आमच्या तालुक्यांतल्या छोट्या रुग्णालयांत अशी रात्र नवलाची नाही. म्हणूनच मोजणीनंतरही संशयाला जागा ठेवावी लागते. दुखणे थांबत नसेल तर ‘आकडा जुळला होता’ हे शेवटचे उत्तर होऊ शकत नाही.

यावर आमचे काही डॉक्टर स्नेही आक्षेप घेतात, आणि तो ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, ‘आत कापड असावे’ असे अहवालात लिहिले की उद्या त्या शल्यविशारदाच्या रुग्णालयाच्या काचा फुटतात. निदान चुकीचे निघाले तर आमच्यावर उलटते. म्हणून आम्ही ‘गोळा’ लिहितो आणि पुढचे पुढच्यावर सोडतो. या भीतीत तथ्य आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, ही आपल्या समाजाला भूषणावह गोष्ट नव्हे. पण काच फोडणारा जमाव आणि आठ वर्षे गप्प बसलेली मावशी ही एकच माणसे नाहीत. जमावाच्या भीतीने अहवाल मुका झाला तर त्याची शिक्षा जमावाला होत नाही, मावशीला होते. शिवाय संशय व्यक्त करणे म्हणजे आरोप करणे नव्हे. ‘पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील कापड राहिले असण्याची शक्यता तपासावी’ या वाक्यात कोणाचेही नाव नाही आणि कोणावर ठपकाही नाही.

मराठीचे अध्यापक म्हणून आम्हाला ‘गाठ’ या शब्दाविषयीही दोन शब्द सांगायचे आहेत. गाठ पडते, गाठ बांधली जाते, गाठ होते. या सगळ्या प्रयोगांत कर्ता बेपत्ता असतो. अंगात गाठ झाली म्हणजे ती आपल्याच शरीराने केली, आपल्याच नशिबाची, अशी ऐकणाऱ्याची समजूत होते. मावशीचीही झाली होती. ‘माझ्याच अंगात काहीतरी वाढतंय,’ असे ती म्हणायची. तिच्या अंगात काही वाढत नव्हते, बाहेरून आलेले काही राहिले होते. ‘वाढणे’ आणि ‘राहणे’ या दोन क्रियापदांतला फरक तिला कोणी सांगितला असता तर तिने दुखण्याला दुसरे उत्तर शोधले असते. डॉक्टरांच्या हिशेबी ‘गाठ’ हा सावध शब्द असेल. ऐकणारीसाठी तो दिशाभूल करणारा आहे.

तेव्हा आमचे म्हणणे असे. सोनोग्राफी किंवा स्कॅनसाठी पाठवताना चिठ्ठीवर पूर्वीच्या शस्त्रक्रियांची ओळ अनिवार्य असावी, आणि ती कोरी असेल तर चित्र काढणाऱ्याने टेबलावर झोपलेल्या माणसाला तोंडी विचारावे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. शस्त्रक्रियेत वापरायचे प्रत्येक गॉज दिसणाऱ्या दोऱ्याचेच असावे, मग रुग्णालय कितीही लहान असो. घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर काय केले, आत मुद्दाम काही ठेवले का आणि मोजणी जुळली का, हे रोग्याला वाचता येईल अशा मराठीत लिहावे. शस्त्रक्रियेच्या नोंदी तीन वर्षांनी नाहीशा करण्याची मुभा नसावी. ज्या काळात संगणकावर चित्रे साठवता येतात, त्या काळात दोन पानांची नोंद वीस वर्षे ठेवणे अशक्य नाही. आणि न्यायालयांनी ‘वाजवी तत्परता’ मोजताना त्या बाईला कोणी काय सांगितले होते, तेही मोजावे. जिला जाणकारांनीच ‘गाठ’ सांगितली, तिची मुदत कापड दिसले त्या दिवसापासूनच सुरू व्हायला हवी.

अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तिथून बाहेर पडणारी मुलेमुली याच किनाऱ्यावरच्या बायांना तपासतील, त्यांची चित्रे पाहतील. त्यांतली काही आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातून गेलेली असतील, आणि ‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार त्यांनी आमच्याकडूनच ऐकलेला असेल. हल्ली तो शिकवताना आम्ही अर्थ सांगून थांबत नाही. बाई दुखणे अंगावर काढते तेव्हा ते तिच्यापर्यंतच का थांबले, तिला कोणी काय विचारायचे राहून गेले, हेही मुलांना शोधायला सांगतो.

मावशी आता बरी आहे. वादळानंतर लावलेली सुपारीची रोपे गुडघ्याच्या वर आली आहेत. मुंबईच्या शस्त्रक्रियेचे कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधले आहे आणि ती पिशवी माळ्यावर नव्हे, देवघराच्या फडताळात ठेवली आहे. घरी कोणीही डॉक्टर आला, अगदी पाहुणा म्हणून आला, तरी चहाच्या आधी ती पिशवी पुढे येते.